मैदानावरील कारागीर

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा पुष्कळ आहेत. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतून प्रवास करताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंस त्या गर्द हिरव्या बागा दृष्टीस पडतात. बदनापूर येथे तर मोसंबीचे संशोधन केंद्रच आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु मुलांनो, मोसंबीचे झाड कसे तयार होते, हे तुम्हांपैकी किती जणांना ठाऊक आहे? रोपवाटिकेत प्रथम जंभेरी किंवा रंगपूर लिंबाचे बी पेरतात. त्याचे रोप पुरेसे वाढले, की त्याच्या खोडावर मोसंबीचा डोळा भरतात. डोळा फुटून वाढीस लागला, म्हणजे खालच्या रोपाचा शेंडा छाटून टाकतात. हे खालचे रोप म्हणजे खुंट होय.

खुंटाची मुळे जमिनीत खोल जातात, पाणी शोधतात, रोगाशी झुंजतात आणि सारे झाड तोलून धरतात. त्यास स्वतःचे फळ कधीच येत नाही. चुकून एखादा कोंब फुटलाच, तर शेतकरी तो तत्काळ काढून टाकतो. बाजारात जो तो मोसंबीची वाखाणणी करतो. खुंटाचे नाव कोणी विचारीत नाही. तथापि जाणता बागायतदार मात्र रोपे विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारतो, की यांचा खुंट कोणता आहे?

खेळाच्या जगातही असे खुंट असतात. अमेरिकेत फुटबॉल या नावाचा एक खेळ फार लोकप्रिय आहे. आपण ज्यास फुटबॉल म्हणतो, त्याहून तो अगदी निराळा आहे. त्यात प्रत्येक बाजूचे अकरा गडी मैदानावर असतात. चेंडू हाती घेऊन धावणे, तो दूरवर फेकणे, फेकलेला झेलणे ही त्यातील मानाची कामे. परंतु ज्या संघाकडे चेंडू असतो, त्याच्या पुढच्या रांगेत पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. प्रतिपक्षाचे गडी अंगावर तुटून पडतात, त्यांस छातीने व हातांनी थोपवून धरणे, हेच त्यांचे काम. चेंडू घेऊन धावणे त्यांच्या वाट्यास क्वचितच येते. गुण मिळवणाऱ्याचे नाव फलकावर झळकते. ज्यांनी त्याच्यासाठी वाट मोकळी केली, त्यांचे झळकत नाही. त्यांतही कित्येक गडी असे असतात, की ज्यांना एका संघात स्थिर जागा लाभत नाही. आज या शहरात, पुढल्या वर्षी त्या शहरात, असे ते वर्षानुवर्षे फिरत राहतात. जेथे गरज पडेल तेथे उभे राहून आपले काम चोख बजावतात.

अशा खेळाडूस इंग्रजीत जो शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ मोठा बोधप्रद आहे. पूर्वी युरोपात एखादी कला शिकणारा मुलगा प्रथम उमेदवारी करी. उमेदवारी संपली, म्हणजे तो दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कसबी कारागीर होई. त्याहून वरची पायरी उस्तादाची. पुष्कळ कारागीर आयुष्यभर मधल्याच पायरीवर राहत. तरी गावोगावची घरे, पूल आणि मंदिरे उभी राहत ती त्यांच्याच हातांनी. खेळातील अशा कारागिराची एक कथा आपल्या महाराष्ट्रात घडलेली आहे. ती आज आपण वाचणार आहोत.

अमोल मुजुमदार यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९७४ रोजी मुंबईत झाला. लहानपणापासून त्यांना क्रिकेटचे वेड होते. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिर या शाळेत ते शिकत. तेथील मुलांना रमाकांत आचरेकर सरांसारखे शिस्तप्रिय गुरू लाभले होते. शिवाजी पार्कच्या मैदानावर आचरेकर सरांच्या देखरेखीखाली अनेक मुले घाम गाळीत. त्यांतच सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी ही दोन मुले होती.

फेब्रुवारी १९८८ मधील गोष्ट. मुंबईतील शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेचा उपांत्य सामना आझाद मैदानावर चालू होता. शारदाश्रमची गाठ सेंट झेवियर्स शाळेशी होती. शारदाश्रमचे दोन गडी बाद झाले आणि कांबळी व तेंडुलकर यांची जोडी जमली. पुढचा फलंदाज होता तेरा वर्षांचा अमोल. गडी केव्हा बाद होईल याचा नेम नसतो. म्हणून पुढच्या फलंदाजाने पायांना पॅड बांधून तयार राहावे, असा क्रिकेटचा शिरस्ता आहे. त्याप्रमाणे अमोल पॅड बांधून बसला. धावांमागून धावा होत गेल्या. पहिला दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी खेळ पुन्हा सुरू झाला, तरी ती जोडी फुटेना. अखेर ७४८ धावांवर शारदाश्रमने डाव घोषित केला. कांबळीच्या नाबाद ३४९ व तेंडुलकरच्या नाबाद ३२६ धावा झाल्या होत्या. दोघांनी मिळून ६६४ धावांची अभंग भागीदारी रचली होती. तिची वार्ता जगभर पसरली. आणि अमोल? त्याने एकही चेंडू न खेळता पॅड सोडले.

या प्रसंगात कोणाचाच दोष नव्हता, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. मैदानावरील दोघे आपले काम उत्तम करीत होते, म्हणूनच तिसऱ्याची पाळी आली नाही. जगात पुष्कळदा असे घडते. संधी हुकली, की आपल्याविरुद्ध कोणी कारस्थान केले असावे, असे मनुष्यास वाटू लागते. परंतु कित्येकदा खरी गोष्ट एवढीच असते, की जागा थोड्या असतात आणि लायक माणसे अधिक असतात.

पुढे सहा वर्षांनी अमोल मुजुमदार यांची पाळी आली. १९९३-९४ च्या हंगामात मुंबईच्या रणजी संघात त्यांची निवड झाली. रणजी करंडक ही भारतातील निरनिराळ्या प्रदेशांच्या संघांची प्रमुख स्पर्धा होय. ती १९३४ साली सुरू झाली. तीतील सामने काही तासांत आटोपत नाहीत. ते कित्येक दिवस चालतात, आणि म्हणून खेळाडूच्या कौशल्याइतकीच त्याच्या धीराचीही परीक्षा पाहतात. मुजुमदार यांचा पहिला सामना हरियाणाविरुद्ध फरिदाबाद येथे होता. त्या सामन्यात त्यांनी २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणातच एवढ्या धावा तोवर जगात कोणीही केल्या नव्हत्या. हा विक्रम पुढे चोवीस वर्षे टिकला. २०१८ साली मध्य प्रदेशच्या अजय रोहेरा यांनी नाबाद २६७ धावा करून तो मोडला, आणि २०२२ साली बिहारच्या सकिबुल गनी यांनी ३४१ धावा करून त्याही पलीकडे मजल मारली.

१९९४ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाचे मुजुमदार उपकर्णधार होते. भारत अ संघाकडूनही ते खेळले. आता भारताच्या मुख्य संघात त्यांना बोलावणे येणार, असे सर्वांस वाटू लागले. परंतु ते बोलावणे आले नाही. त्या वर्षी नाही, पुढल्या वर्षी नाही, कधीच नाही.

याचे कारण समजण्यास थोडे गणित करू. मुजुमदार मधल्या फळीत खेळत. भारतीय संघाच्या मधल्या फळीत जागा असतात तीन-चार. त्यांपैकी एक सचिन तेंडुलकर यांनी १९८९ पासूनच व्यापलेली होती. १९९६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर राहुल द्रविड व सौरव गांगुली यांनी एकाच सामन्यात कसोटी पदार्पण केले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात व्ही. व्ही. एस. लक्ष्मण संघात आले. हे चौघेही दीर्घ काळ खेळले आणि भारतीय क्रिकेटमधील थोर फलंदाजांत गणले गेले. तेव्हा आझाद मैदानावर जे दोन दिवस घडले होते, तेच मोठ्या पटावर पुढे कित्येक वर्षे घडत राहिले. आतले खेळाडू बाद होईनात, आणि बाहेर मुजुमदार पॅड बांधून सज्जच राहिले.

दुसरेही एक गणित पाहा. आजच्या व्यवस्थेत रणजी करंडकात ३८ संघ असतात. एका संघात ११, म्हणजे एका वेळी मैदानावर उतरू शकणारे खेळाडू झाले ४१८. भारताचा संघ मात्र एकच, अकरांचा. उरलेल्या चारशेंचे खेळणे व्यर्थ म्हणावे काय? विचार करून पाहा. नवा गोलंदाज तयार होतो, तो समोर कसलेला फलंदाज उभा असतो म्हणून. त्याचा उडवता चेंडू जेव्हा शांतपणे टोलवला जातो, तेव्हा त्यास स्वतःची उणीव कळते आणि तो घरी जाऊन ती दूर करण्याचा उद्योग करतो. जो देशासाठी खेळतो, त्यास घडवणारे हात असे शेकडो असतात. खुंट बळकट नसेल, तर फळ रसाळ कोठून येणार?

मुजुमदार यांनी हे खुंटाचे काम पत्करले आणि मनापासून केले. हिवाळ्यातील थंड सकाळ असो की उन्हाचा कडाका, प्रेक्षकांनी भरलेले मैदान असो की मोजक्या माणसांचे, ते खेळपट्टीवर ठाण मांडीत. मुंबईने या काळात रणजी करंडक अनेक वेळा जिंकला, त्यात त्यांच्या धावांचा मोठा वाटा होता. २००६-०७ च्या हंगामात मुंबईचे कर्णधारपद त्यांच्याकडे होते. त्या वर्षी मुंबईने आरंभीचे तीन सामने गमावले. आता हा संघ संपला, असे लोक म्हणू लागले. परंतु संघ सावरला आणि उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव लागण्याआधी मुंबईचे पाच गडी बाद झाले! अशा स्थितीतून तो सामना मुंबईने जिंकला, आणि अंतिम सामन्यात वानखेडे मैदानावर बंगालला हरवून करंडक पटकावला. मुंबईचे ते सदतिसावे अजिंक्यपद होते.

रणजी करंडकाच्या इतिहासात सर्वांत अधिक धावा काढणारा खेळाडू हा मानही काही काळ मुजुमदार यांच्याकडे होता. पुढे मुंबईचेच वसीम जाफर त्यांच्या पुढे गेले.

२००९ साली त्यांच्या आयुष्यात नवे वळण आले. मुंबईच्या संघात तरुणांची गर्दी झाली होती. मुजुमदार यांनी मुंबई सोडली आणि ते आसामच्या संघाकडून खेळू लागले. त्यानंतर काही काळाने ते आंध्रच्या संघात गेले. ज्यांच्या नावावर कित्येक अजिंक्यपदे होती, अशा मुंबईसारख्या संघातून तुलनेने दुर्बल गणल्या जाणाऱ्या संघांत जाणे, ही सामान्य गोष्ट नव्हे. प्रदेश परका, भाषा निराळी, सोबती अनोळखी आणि वयाने पुष्कळ लहान. परंतु कारागिरास गाव कोणते याची क्षिती नसते. हत्यार धारदार आहे की नाही, एवढेच तो पाहतो. अशा संघांना अनुभवी खेळाडूची गरज धावांसाठी असते, तशीच ती तरुणांना दाखवण्यासाठीही असते. सराव कसा करावा, सामन्याच्या आदल्या दिवशी मन कसे स्थिर ठेवावे, लवकर बाद झाल्यावर चेहरा कसा ठेवावा, या गोष्टी पुस्तकातून शिकता येत नाहीत. त्या जवळ बसून पाहाव्या लागतात.

२०१४ साली मुजुमदार यांनी खेळातून निवृत्ती घेतली. तोवर ते १७१ प्रथम श्रेणी सामने खेळले होते. त्यांत त्यांनी ११,१६७ धावा आणि ३० शतके केली होती. त्यांच्या धावांची सरासरी ४८ हून अधिक होती. एवढे असूनही भारताकडून त्यांच्या नावावर एकही कसोटी सामना नव्हता.

यानंतर त्यांनी शिकवण्याचे काम हाती घेतले. राजस्थान रॉयल्स संघाचे ते फलंदाजीचे मार्गदर्शक झाले. २०१९ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात आला, तेव्हा त्या संघाच्या फलंदाजांनाही त्यांनी मार्गदर्शन केले. २०२१ साली ते मुंबई संघाचे प्रशिक्षक झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. भारताकडून कधीही न खेळलेला माणूस भारताच्या संघास काय शिकवणार, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक होते. त्या प्रश्नाचे उत्तर दोन वर्षांनी मिळाले.

२०२५ साली महिलांची एकदिवसीय विश्वचषक स्पर्धा भारत व श्रीलंका येथे भरली. भारतीय महिला यापूर्वी २००५ व २०१७ साली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून हरल्या होत्या. या वेळीही साखळी फेरीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव पदरी आले. चोहीकडून टीकेचा वर्षाव झाला. परंतु आरंभीचे तीन सामने गमावूनही करंडक जिंकता येतो, हे ज्याने स्वतः अनुभवले होते, असा माणूस संघाच्या पाठीशी होता.

न्यूझीलंडला हरवून भारताने उपांत्य फेरी गाठली. ३० ऑक्टोबर रोजी नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाने ३३८ धावांचा डोंगर उभा केला. महिलांच्या एकदिवसीय सामन्यात तोवर एवढ्या धावांचा पाठलाग कोणीही यशस्वी केला नव्हता. त्या वेळी मुजुमदार यांनी लांबलचक भाषण केले नाही. अंतिम फेरीसाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा केवळ एक धाव अधिक हवी, एवढेच त्यांनी फळ्यावर लिहून ठेवले. मोठ्या कामाचे ओझे मनावरून उतरवून ते हातात देण्याची ही रीत पाहा. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज हिने नाबाद १२७ धावा केल्या, कर्णधार हरमनप्रीत कौर हिने ८९ धावा केल्या, आणि भारताने पाच गडी राखून सामना जिंकला.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. भारताने ७ बाद २९८ धावा केल्या. शेफाली वर्माने ८७ आणि दीप्ती शर्माने ५८ धावा काढल्या. दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ धावांवर आटोपला. दीप्तीने पाच बळी घेतले. अखेरचा झेल हरमनप्रीतने टिपला आणि भारताच्या महिलांनी प्रथमच विश्वचषक जिंकला. सारा देश आनंदात न्हाऊन निघाला. त्या जल्लोषात हरमनप्रीत आपल्या प्रशिक्षकांकडे गेली आणि वाकून तिने त्यांच्या पायांस स्पर्श केला. शारदाश्रमच्या डावात पॅड बांधून बसलेल्या मुलाला आता पन्नास वर्षे पूर्ण होऊन गेली होती.

मुलांनो, ही कथा येथेच संपवली असती, तर ती गोड झाली असती. परंतु ती पुरी खरी झाली नसती. धीर धरला की शेवटी फळ मिळतेच, असा तिचा अर्थ कोणी काढील, आणि तो योग्य ठरणार नाही. मुंबईचे पद्माकर शिवलकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज. त्यांनी १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी मिळवले. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांनी तर रणजी करंडकात ६३७ बळी घेतले. त्याच काळात बिशनसिंग बेदी यांच्यासारखा श्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज भारतीय संघात होता. म्हणून या दोघांनाही एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. त्यांच्या आयुष्यात नवी मुंबईतील त्या रात्रीसारखी रात्र आली नाही. २०१७ साली शिवलकर यांचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्काराने सन्मान झाला. मार्च २०२५ मध्ये ते निवर्तले.

मग त्यांचे कष्ट फुकट गेले काय? क्षणभर असे समजा, की २ नोव्हेंबरचा तो सामना भारत दहा धावांनी हरला असता. तेवढ्याने अमोल मुजुमदार यांच्या ११,१६७ धावांतील एक तरी धाव कमी झाली असती काय? आसामच्या व आंध्रच्या तरुणांना त्यांनी जे शिकवले, ते पुसले गेले असते काय? कामाची किंमत ते काम करतानाच ठरते. नंतर येणारा मान हा आनंदाचा खरा; पण तो कामाचा मापदंड नव्हे. मापदंड कारागिराच्या स्वतःच्या हातात असतो. आज आपण आपले काम नीट केले की नाही, हे त्यास दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

आपल्या जालन्याच्या मैदानांवरही हा विचार नेऊन पाहू. महाराष्ट्र राज्यातून रणजी स्पर्धेत तीन संघ उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. जालन्याचा मुलगा निवडला गेला, तर तो महाराष्ट्राच्या संघातून खेळतो. जालन्यात जन्मलेले विजय झोल यांनी २०११ साली एकोणीस वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात ते भारताचे कर्णधार होते. त्याच वर्षी मुंबईच्या वानखेडे मैदानावर महाराष्ट्राने बलाढ्य मुंबईला रणजी करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात हरवले, तेव्हा केदार जाधव यांच्या साथीने झोल यांनी नाबाद ९१ धावा केल्या. आमच्या जिल्ह्यातून कोणी पुढे जाऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांस हे उदाहरण पुरेसे आहे. मात्र त्या नाबाद ४५१ धावांच्या वेळी दुसऱ्या टोकास उभे राहून साथ देणारेही कोणी होतेच, आणि सरावात त्यांना चेंडू टाकणारी मुलेही होतीच.

तुमच्या शाळेचा कबड्डीचा संघ आठवा. चढाई करून गुण आणणाऱ्याचे नाव सगळी शाळा घेते. परंतु कोपऱ्यावर उभा राहून साखळीचा हात न सोडणारा गडी नसेल, तर चढाईपटूने आणलेले गुण दुसऱ्याच क्षणी निघून जातात. स्नेहसंमेलनात नाटक होते, तेव्हा टाळ्या नटास मिळतात. पडदा वेळेवर ओढणाऱ्या मुलाची आठवण केवळ पडदा अडकला तरच होते. तुम्हांपैकी काही जण पुढे नामवंत होतील. पुष्कळ जण होणार नाहीत. जे नामवंत होतील, त्यांनी आपल्या खुंटाची आठवण ठेवावी. जे होणार नाहीत, त्यांनी आपल्या हातचे काम असे करावे, की जाणत्या बागायतदाराने विचारलेच, यांचा खुंट कोणता, तर मान वर करून आपले नाव सांगता यावे.

शब्दार्थ

खुंट – ज्यावर कलम करतात ते मुळांसह असलेले रोप. डोळा भरणे – एका झाडाचा अंकुर दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवून कलम करणे. वाखाणणी – स्तुती. शिरस्ता – रीत, प्रघात. अभंग – न तुटलेली. क्षिती – चिंता, पर्वा. ठाण मांडणे – एका जागी स्थिर उभे राहणे. मापदंड – मोजण्याचे साधन. निवर्तणे – मृत्यू पावणे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोसंबीचे रोप कोणत्या लिंबाच्या खुंटावर तयार करतात?
(आ) अमोल मुजुमदार यांनी पदार्पणाच्या सामन्यात किती धावा केल्या?
(इ) २००६-०७ साली मुंबईने अंतिम सामन्यात कोणाचा पराभव केला?
(ई) जालन्यातील खेळाडू रणजी करंडकात कोणत्या संघाकडून खेळतो?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आझाद मैदानावरील सामन्यात अमोलची पाळी का आली नाही? त्यात कोणाचा दोष नव्हता, असे लेखक का म्हणतात?
(आ) देशाच्या संघात निवड न झालेल्या खेळाडूंचे खेळणे व्यर्थ का नव्हे?
(इ) विश्वचषकाच्या विजयाबरोबर ही कथा संपवणे लेखकास योग्य का वाटले नाही?

३. पुढील वाक्प्रचार वाक्यांत उपयोग करून अर्थ स्पष्ट करा.
ठाण मांडणे, घाम गाळणे, पदरी येणे, मजल मारणे, तुटून पडणे.

४. ‘खुंट’, ‘पॅड बांधून बसलेला मुलगा’ आणि ‘कारागीर’ या तीन शब्दचित्रांतील साम्य तुमच्या शब्दांत सांगा.

५. तुमच्या गावात किंवा शाळेत ज्याचे काम सर्वांना उपयोगी पडते, पण ज्याचे नाव कोणी घेत नाही, अशा एका व्यक्तीशी बोलून तिच्या एका दिवसाच्या कामाचे वर्णन दहा ओळींत लिहा.